फेकायचा दोर तळाशी गाडलेला नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नारळी पौर्णिमा झाली. मालवणात दर्याला नारळ दिला की शाकारलेल्या होड्यांवरची झापं निघतात, इंजिनं उघडून पुसली जातात आणि थोड्याच दिवसांत तारकर्ली-देवबागच्या वाटेवर स्कूबाच्या पाट्या पुन्हा उभ्या राहतात. हंगाम भरात यायच्या आत एका साध्या वस्तूबद्दल लिहायचं आहे. होडीवरचा दोर. मी ३१ वर्षं बोटीवर होतो. डेकवर खलाशी म्हणून चढलो, सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून उतरलो. बाकी जगाचं मला फारसं कळत नाही, दोराचं थोडं कळतं.

गेल्या जानेवारीत मुलीच्या सासरची मंडळी आली होती. त्यांच्याबरोबर मी स्कूबाच्या एका होडीवर गेलो (पाण्यात उतरलो नाही, गुडघे आता ऐकत नाहीत). अमावास्येच्या पुढचे दिवस, उधाणाचं पाणी आणि ओहोटी लागलेली. होडी नांगरावर उभी होती. एक पंचविशीतला मुलगा आपली बुडीची पाळी येईपर्यंत जॅकेट घालून, तोंडात नळी धरून वरच तरंगत मासे बघत होता. मान पाण्यात, त्यामुळे आपण होडीपासून लांब चाललोय हे त्याला कळलंच नाही. तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्याचं, लक्ष गेलं तेव्हा तो दहा-बारा वाव (वीसेक मीटर) मागे होता. "दोर टाक रे," तांडेल ओरडला.

दोर होता. जॅकेटांच्या ढिगाखाली, दोन सिलिंडरांच्या मध्ये. एक टोक पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटला बांधलेलं, कारण सकाळी क्रेट वर ओढायला तोच वापरला होता. मधला भाग नांगराच्या दोरात अडकलेला. खलाशी पोरगा ओढतोय, गाठ आणखी घट्ट होतेय. मी उठलो तर म्हणाला, "काका, दोर आसा हो, खाली आसा."

आसा, ता माका दिसता. गावतलो कधी?

शेवटी शेजारच्या होडीने जाऊन त्या मुलाला आणलं. तो हसतच वर चढला, त्याला काही कळलंही नसावं. होडीवर सगळे हसले, विषय संपला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण हिशेब डोक्यातून जाईना. पाण्याला १ नॉट ओढ असेल तर तरंगता माणूस मिनिटाला साधारण ३० मीटर जातो. फेकायचा दोर बहुतेक फार तर ३० मीटरचा असतो. मोठ्या जहाजावरच्या लाइफबॉयला (बुडणाऱ्याकडे फेकायच्या तरंगत्या कड्याला) लावायच्या दोराचीही आंतरराष्ट्रीय नियमातली किमान लांबी तेवढीच आहे. म्हणजे दोर पहिल्या मिनिटात हातात आला तर उपयोगाचा. तिसऱ्या मिनिटाला सुटला तर माणूस ९० मीटरवर, आणि दोर घेऊन उभा असलेला आपण नुसता बघणारा. पायात फिन (पोहायचे रबरी पंख) असल्या तरी १ नॉटच्या ओढीविरुद्ध नवखा माणूस फार वेळ पोहू शकत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. त्या दुर्घटनेचा दोराशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून सुरक्षेचं बोलणं जॅकेटवर सुरू होतं आणि जॅकेटवरच संपतं. तपासणीला आलेले साहेब जॅकेटं मोजताना मी पाहिले आहेत. "तो दोर उचल आणि त्या बोयापर्यंत (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपापर्यंत) फेकून दाखव," असं कोणी म्हटलेलं अजून ऐकलं नाही.

आमच्या बोटीवर कसाब नावाचा माणूस असे. नव्या पिढीला हा हुद्दा ठाऊक नसेल. डेकचं सामान, रंग, दिवे, दोर सगळं त्याच्या ताब्यात. त्याच्या कोठीतला फेकायचा दोर दुसऱ्या कामाला मागितला तर सारंगालाही शिव्या पडत. पहिल्याच सफरीत मी तीन पेडांचा दोर उलटा गुंडाळला, तेव्हा रत्नागिरीकडच्या आमच्या कसाबाने सगळा दोर डेकवर पसरून माझ्याकडून पुन्हा गुंडाळून घेतला, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, दोनदा. उलटा गुंडाळला की दोराला पीळ बसतो आणि ऐन वेळी त्याचे आठाचे आकडे होतात. स्कूबाच्या होडीवर वेगळा कसाब कुठून आणणार? पण चौघांतल्या एकाचं नाव घेऊन "दोर तुझा" एवढं म्हणता येतं.

आता ठेवायचं कसं. फेकायचा दोर गुंडाळूच नये. तो पिशवीत भरावा: पिशवीचं तोंड रुंद, बुडाला पाणी निथळायला भोकं, दोराचं आतलं टोक बुडाशी बांधलेलं. मग मुठीमुठीने दोर आत कोंबत जायचं. बघायला गबाळं दिसतं, पण बाहेरचं टोक हातात धरून पिशवी फेकली की दोर सरसर सुटत जातो, अडकत नाही. वेटोळं करून फेकलेला दोर निम्म्या वाटेत गुंता होऊन पडताना मी किती वेळा पाहिलाय. पिशवी तांडेलाच्या हाताला लागेल अशी, खुंटीला. तिच्यावर टॉवेलसुद्धा टाकायचा नाही.

आणि दोर कसला, हेही बघा. बाजारात जाळ्यासाठी मिळणारा नायलॉन मजबूत, ताणला तर लांबतो, नांगराला उत्तम. पण तो बुडतो. फेकायला तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनच हवा, ८ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ओल्या हातात धरता येतो. ३० मीटरचं वजन भरतं किलोभर. त्याचा शत्रू ऊन. हंगामभर टपावर पडून राहिला की वरून केस सुटतात, चोळला तर हाताला भुकटी लागते. असा दोर टाकून द्यावा, कपडे वाळत घालायलाही ठेवू नये, कारण कोणी तरी तो पुन्हा होडीवर आणतोच. नायलॉनचं दुखणं निराळं: बॅटरीतलं आम्ल सांडलं तर तो आतून कुजतो आणि वरून ठणठणीत दिसतो. तेव्हा दोर बॅटरीच्या शेजारी नको. संध्याकाळी गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायचा, दर पंधरा दिवसांनी पेड उलगडून आत बघायचं. टोक लायटरने जाळून सोडायची आपली सवय आहे. ते गार झालं की काचेसारखं तळहात कापतं. सुताने गुंडाळा.

होडीच्या मागे बोया लावून सोडलेला दोर असता तर तो मुलगा मुळात एवढा लांब गेलाच नसता. नांगर पडला की आधी तो सोडायचा, मग माणसं पाण्यात. पण इंजिन गिअरमध्ये टाकायच्या आधी तो आत आलाच पाहिजे. इंजिनाच्या पंख्यात दोर गेला की होडीही गेली कामातून आणि पाण्यातला माणूसही. जहाजावर 'आरिया' (सोडा), 'हबेस' (ओढा) अशी हाळी देऊनच दोर सुटायचा नि चढायचा. इथेही "दोर आत" असं मोठ्याने ऐकल्याशिवाय तांडेलाने चावीला हात लावू नये. पाण्याखालीही सैल दोर वाईट, सिलिंडरच्या तोंडाला अडकला की नवखा माणूस घाबरतो. खाली उतरायला धरायचा दोर म्हणूनच खाली वजन, वर बोया असा ताठ हवा.

होडीवाल्यांची बाजूही खोटी नाही. २५ फुटांची होडी, त्यात दहा पाहुणे, सिलिंडरं, वजनाचे पट्टे. जागा कुठे आहे? पाण्याखाली नेणारी मुलं शिकलेली असतात, त्यातली कित्येक तारकर्लीच्या एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) केंद्रात तयार झालेली, आणि त्यांच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. अडतं ते वर राहणाऱ्या खलाशापाशी. त्याला कोणी शिकवत नाही. तो कालपर्यंत किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होता, आज शिडी धरतो. त्याच्यासाठी एका दिवसाचा वर्ग बंदरावरच घ्या, वाळूत बोया ठेवून दोर फेकायला लावा. आणि परवान्याच्या तपासणीत एवढंच वाढवा: न सांगता दोर मागायचा, घड्याळ लावायचं.

माझ्या पुतण्याच्या होडीसाठी जुन्या कॅनव्हासच्या तीन पिशव्या मी शिवून दिल्या आहेत. कापड अजून उरलंय. मालवण बंदरावर दुपारनंतर मी रोज बसतो. कोणाला हवी असेल तर पैसे नकोत, दोर मात्र आपला आणावा, आणि भुकटी सुटलेला आणू नये.

आपला,
एक निवृत्त सारंग, मालवण
(नाव छापू नये ही विनंती. ती होडी माझ्याच वाडीतली आहे.)