इतके पेनस्टँड ठेवायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांपासून वस्तू बनवण्यावरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते. पेनस्टँड, चपलांचे कपाट, मांजराचे घर! आमच्याकडे मांजर नाही आणि आठवड्याला पाच-सहा खोकी येतात. इतके पेनस्टँड ठेवायचे कुठे, तेही लेखिकाबाईंनी सांगायचे होते.

अहो, खोके कोरडे असताना रद्दीवाल्याकडे गेले, की कागदगिरणीत त्याचा लगदा होतो आणि त्यातून पुन्हा खोकेच बनते. दर खेपेला लगद्यातला धागा आखूड होतो, तरी पाच-सात फेरे निघतात. तेवढे लाकूड, पाणी, वीज वाचते. त्याच खोक्याला गम, रंग आणि चमकी फासल्यावर ते कुठली गिरणी घेणार?

मी चिकटपट्ट्या सोलून, खोकी चपटी करून, सुतळीने बांधून जिन्याखाली ठेवतो. घरचे हसतात, हसोत. गेल्या मंगळवारी सोसायटीच्या सफाईवाल्याने तो गठ्ठा उचलून थेट ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये घातला. वर कोणाच्या तरी घरचा उरलेला रस्सा! विचारले तर म्हणतो, "काका, गाडीत सगळं एकच होतंय." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फाटकाशी उभा राहिलो. खरेच एक होत होते. कचऱ्याच्या सरकारी नियमांप्रमाणे ओले-सुके घरातच वेगळे करायचे. आम्ही करतो, आणि फाटकावर त्याची खिचडी होते.

पूर्वी कचरा वेचणाऱ्या एक मावशी दारात यायच्या. रस्सा लागलेला पुठ्ठा बाजूला काढून म्हणायच्या, "ह्याला कोण इचारतंय, काका?" आमच्या विद्वान समितीने 'बाहेरची माणसे नकोत' म्हणून त्यांना बंद केले. पुण्यात १९९३ पासून अशा कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना आहे. अख्ख्या पानाच्या लेखात त्यांच्यासाठी एक ओळ निघाली नाही, चमकी कुठली वापरावी याला मात्र चौकट.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे

ता. क. पावसाळ्यात आपला अंक रोज दारात भिजून पडतो. जाहिरातींची चार पाने वर असतात, ती आधी भिजतात हा एक फायदा. पण भिजलेली रद्दीही कोणी घेत नाही. विक्रेत्याला दोनदा सांगून झाले, आता आपणच सांगावे.