‘बायबलमध्ये म्हटले आहे’ असे लिहिण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ किंवा ईस्टर जवळ आला की पुरवण्यांतून, शुभेच्छापत्रांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून ‘बायबलमध्ये म्हटले आहे’ अशा सुरुवातीचा मजकूर भरभरून येतो. त्यातले बरेचसे बायबलमध्ये नसते आणि जे असते त्याचा मागचा-पुढचा संदर्भ पुष्कळदा तोडलेला असतो. पहिल्या प्रकाराने फारसे बिघडत नाही. दुसऱ्या प्रकाराने मात्र आधीच दुखावलेली माणसे आणखी दुखावतात, म्हणून हे पत्र.

आधी न बिघडवणारे. तीन राजे उंटांवरून येऊन गोठ्यात मेंढपाळांच्या शेजारी गुडघे टेकतात, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या) दुसऱ्या अध्यायात राजेही नाहीत आणि उंटही नाहीत. पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, पण त्यांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसेही तीन धरली गेली. कॅस्पर, मेल्किऑर, बाल्थझार ही नावे काही शतकांनंतरची. ते घरात गेले असे 11व्या वचनात स्पष्ट लिहिले आहे. हेरोद राजाने दोन वर्षांची व त्याहून लहान मुले मारायला लावली, तीही या ज्ञानी लोकांकडून नीट विचारून घेतलेल्या वेळेच्या हिशेबाने (2:16). म्हणजे ते जन्माच्या रात्री नव्हे, पुढे केव्हातरी आले असावेत. लूकच्या शुभवर्तमानातूनही आडून तेच सुचते. शुद्धीकरणाच्या अर्पणासाठी लूक 2:24 मध्ये होल्यांच्या जोड्याचा किंवा पारव्याच्या दोन पिलांचा उल्लेख येतो. लेवीय 12 प्रमाणे मुलगा झाल्यावर 40 दिवसांनी कोकरू आणायचे असे आणि ऐपत नसेल तरच दोन पक्षी चालत. म्हणजे तोपर्यंत घरात सोने आलेले नसावे. बैल आणि गाढव शुभवर्तमानांतल्या जन्मकथांत नाहीत. यशया 1:3 मधला बैल आपला धनी ओळखतो आणि गाढव आपली गव्हाणी ओळखते, तिथून ते चित्रांत आले. 25 डिसेंबर ही तारीखही शास्त्रात नाही. तिची जुनी नोंद सापडते ती 354 सालच्या रोमन दिनदर्शिकेत.

एदेन बागेतल्या फळाचे नाव दिलेले नाही, सफरचंद तर नाहीच. पाने मात्र अंजिराची होती, हे उत्पत्ती 3:7 आवर्जून सांगते. नोहाच्या तारवात सरसकट एकेक जोडी नव्हती, शुद्ध पशू सात-सात घ्यायचे होते (7:2). स्वर्गाच्या दारात किल्ल्या घेऊन बसलेला येशूचा शिष्य पेत्र प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, नाही. तिथे 12 वेशी आहेत, त्यांवर देवदूत आहेत आणि वेशी कधी बंदच होत नाहीत (21:12, 25). ‘पैसा हे सर्व पापांचे मूळ’ असेही प्रेषित पौल आपल्या पत्रांत लिहीत नाही. तो द्रव्याच्या लोभाबद्दल लिहितो (1 तीमथ्य 6:10), आणि हा लोभ निर्धनालाही असू शकतो.

मग्दालीया मरीयेच्या बाबतीतली चूक मात्र किरकोळ म्हणून सोडवत नाही. ती वेश्या होती असे बायबलमध्ये कुठेही नाही. लूक 8:2 सांगतो की तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती व इतर स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने येशूच्या मंडळींची सेवा करत होत्या. त्याच्या आधीच्या अध्यायात एक निनावी पापी स्त्री येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते. योहान 12 मध्ये बेथानीची मरीया तसेच करते. या तिघी वेगळ्या. पोप ग्रेगरी पहिला याने 591 साली एका प्रवचनात तिघींना एक केले आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये पुढची जवळपास चौदा शतके तेच चालले. पूर्वेकडच्या चर्चने हे कधी मानले नाही. रोमन कॅथलिक चर्चनेही 1969 च्या दिनदर्शिकेत तिला त्या दोघींपासून वेगळे केले आणि 2016 साली तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. रिकाम्या कबरीपाशी पुनरुत्थित येशू जिला प्रथम भेटला आणि शिष्यांना सांगायला ज्या स्त्रीला त्याने पाठवले (योहान 20), तिची ओळख आजही अनेक लेखांत ‘पश्चात्ताप झालेली वेश्या’ अशी छापली जाते. हा तिच्यावर अन्याय आहे.

इथे एक भान ठेवायला हवे. शास्त्रात नाही म्हणजे खोटेच, असे होत नाही. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्च परंपरेलाही अधिकार देतात. शिवाय ‘बायबलमध्ये नाही’ म्हणण्याआधी कोणते बायबल, हेही पाहावे लागते. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66. राफाएल देवदूत तोबीतच्या पुस्तकात येतो आणि मृतांसाठी प्रार्थनेचा आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (12:44-46) आहे. प्रोटेस्टंट वाचकाला ही पुस्तके आपल्या प्रतीत मिळणार नाहीत. क्रुसाच्या वाटेच्या (येशूचा क्रुसापर्यंतचा प्रवास आठवण्याच्या भक्तीच्या) 14 स्थानांपैकी येशूचे तीनदा पडणे आणि वेरोनिकाने त्याचा चेहरा पुसणे या गोष्टी शुभवर्तमानांत नाहीत. 1991 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी गुड फ्रायडेला केवळ शास्त्रातल्या प्रसंगांवर आधारलेली 14 स्थाने वापरली, पण म्हणून जुनी भक्ती त्यांनी रद्द केली नाही. परंपरेला परंपरा म्हणावे, एवढेच.

आता मुख्य मुद्दा. मूळ लेखनात अध्याय आणि वचने यांचे आकडे नव्हते. आजचे अध्याय 13व्या शतकातले आणि नव्या करारातल्या वचनांचे क्रमांक रॉबेर एतिएन या मुद्रकाने 1551 साली छापलेले. संदर्भ शोधायला सोय झाली, पण सलग पत्रातले एखादे वाक्य उचलून भिंतीवर टांगायचीही सोय झाली.

यिर्मया 29:11 घ्या. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, या आशयाचे हे वचन परीक्षा, नोकरी, ऑपरेशन अशा कशाच्याही आधी पाठवले जाते. हे यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे कैदी परत येतील. यिर्मया त्याला खोटा ठरवतो आणि पत्रात 70 वर्षे सांगतो (29:10). घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, जिथे नेले आहे त्या नगराचे हित पाहा. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांचा शेवट बाबेलमध्येच होणार होता. वचन आशेचेच आहे, पण ती आशा पिढ्यांच्या मापाची आहे. दहावे वचन गाळून अकरावे पाठवले की यिर्मयाच्या तोंडी हनन्याचा संदेश घातला जातो. मग निकाल उलटा लागला की माणसाला वाटते, देवाने शब्द मोडला किंवा आपलीच श्रद्धा कमी पडली.

‘देव झेपेल तेवढेच दुःख देतो’ हे त्याहून क्रूर. 1 करिंथ 10:13 चा आधार देतात. तिथे पौल अरण्यातल्या इस्राएलाची मूर्तिपूजा आणि कुरकुर सांगून मोहाबद्दल बोलतो आहे. पुढचेच वचन मूर्तिपूजेपासून दूर पळा असे आहे. दुःखाबद्दल तोच पौल 2 करिंथ 1:8 मध्ये लिहितो की आमच्यावर शक्तीबाहेर भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. मूल गमावलेल्या आईला ‘झेपेल’ म्हणून सांगणाऱ्याने हे वाचलेले नसते. तिलाच पुढे ‘देवाला आणखी एक देवदूत हवा होता’ असेही सांगितले जाते. मेलेली माणसे देवदूत होतात, हे शास्त्रात नाही. इब्री 1:14 मध्ये देवदूत सेवा करणारे आत्मे आहेत आणि 1 करिंथ 6:3 प्रमाणे विश्वासणारे देवदूतांचाही न्याय करतील. सांत्वनासाठी पौलाने दिलेले शब्द 1 थेस्सलनीका 4:13-18 मध्ये आहेत. तिथे पुनरुत्थानाची आशा आहे आणि शोक करायला मनाई नाही.

वचन तपासायला फार वेळ लागत नाही. पुस्तक, अध्याय आणि वचन लिहून घ्यावे. संदर्भच मिळत नसेल तर बहुधा ती म्हणच असते. ‘जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो’ हे असेच, बायबलमधले नव्हे. संदर्भ मिळाला तर मागची-पुढची दहा-दहा वचने वाचावीत, पत्र छोटे असेल तर सगळेच वाचावे. मग बोलतो कोण, हे पाहावे. बहुतेक चुका इथेच होतात. ‘आरंभ अल्प असला तरी शेवट मोठ्या भरभराटीचा होईल’ या आशयाचे ईयोब 8:7 हे वचन दिनदर्शिकांवर हौसेने छापतात. ते बोलतो बिल्दद, संकटात सापडलेल्या ईयोबाला भेटायला आलेला एक मित्र. तू निर्दोष असशील तर असे होईल, अशी त्याची अट आहे, आणि 42:7 मध्ये देव त्याच्यावर व त्याच्या मित्रांवर रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. तेच मित्र पहिले सात दिवस ईयोबाजवळ जमिनीवर गप्प बसले होते (2:13). तेव्हा त्यांचे काही चुकले नव्हते. यानंतर वचन कोणाला उद्देशून आहे, व्यक्तीला की समाजाला, आणि त्याला काही अट आहे का, ते पाहावे. शेवटी किमान दोन भाषांतरे आणि तळटीपा ताडून घ्याव्यात.

आपल्या दैनिकाला विनंती अशी की, बायबलचे वचन छापताना पुस्तक, अध्याय व वचन क्रमांक सोबत द्यावा. संदर्भ मिळत नसेल तिथे ‘ख्रिस्ती परंपरेनुसार’ किंवा ‘अशी म्हण आहे’ असे लिहावे. आणि श्रद्धांजलीच्या मजकुरासाठी यिर्मया 29:11 पाठवणाऱ्याला दहावे वचनही छापायचे का, असे विचारून पाहावे.

आपला,
एक वाचक