कोकरं वाटेत जन्मतात, लसही वाटेतच मिळू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर सध्या कुठे आहे, हे मला दर वेळी फोन करून विचारावं लागतं. आबा, आई, भाऊ आणि वहिनी मेंढरं घेऊन फिरतात. घर बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात आहे. पण दिवाळी झाली की वाडा निघतो, पुण्याच्या कडेकडेने मुळशी-मावळात येतो आणि मृग लागायच्या आत माघारी फिरतो. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे. चार-पाच घरांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं मिळून जे चालतं, त्याला आम्ही वाडा म्हणतो. लग्न झाल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, मी कात्रजला राहते. शिमग्याच्या सुट्टीत दोन्ही पोरांना घेऊन माहेरी जायचं हे ठरलेलं. यंदा माहेर पौडच्या पुढे एका भातखाचरात होतं.

मेंढी साधारण पाच महिने गाभण असते. पाऊस पडून हिरवं झाल्यावर ज्या फळतात, त्या दिवाळीच्या आगेमागे वितात. मागे राहिलेल्या दसऱ्याच्या सुमाराला फळतात आणि होळीपासून पाडव्यापर्यंत वितात. म्हणून या दिवसांत वाड्यावर कुणाला सलग झोप नसते.

यंदा पहिल्याच रात्री वहिनीने मला हाक मारली. माझी नऊ वर्षांची लेक आधीच उठून बॅटरी धरून उभी होती. पाण्याची पिशवी फुटली, मग पुढचे दोन खूर दिसले आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. वहिनीने काही ओढाताण केली नाही. कोकरू खाली आल्यावर तिने बोटाने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला आणि ते आईच्या तोंडाशी ठेवलं. मेंढी चाटायला लागली. अर्ध्या तासाने दुसरं आलं, पहिल्यापेक्षा बारीक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्ण' तयार केली. तिच्या रक्ताच्या काही मेंढ्या भावाच्या खांडात आहेत, त्यामुळे जुळ्यांचं आता आम्हाला नवल राहिलेलं नाही. पण या मेंढीने पहिलं जवळ केलं आणि दुसऱ्याला ढुशी मारली. एकदा नाही, तीनदा.

माझी लेक रडकुंडीला आली. वहिनीने मेंढीचा मागचा पाय स्वतःच्या गुडघ्यात धरला, सडातून दोन धारा काढल्या आणि त्या कोकराच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटीपाशी चोळल्या. मग त्याचं तोंड सडाला लावलं. मेंढीने मान वळवून हुंगलं. स्वतःच्याच दुधाचा वास. थोड्या वेळाने तिने त्याची शेपटी चाटली आणि वहिनीने पाय सोडला. "चीक पोटात गेला का निम्मं जगलं म्हनायचं," ती म्हणाली. उरलेलं निम्मं जगणं कशावर असतं, तेच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

दिवसा आबा आणि भाऊ मेंढरं चरायला नेतात, कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आईपाशी राहतात. संध्याकाळी मेंढरं परतताना दोन्हीकडून जो गलका उठतो तो ऐकावा. साठ-सत्तर कोकरं एकदम सुटतात, आणि प्रत्येक मेंढी हुंगून हुंगून आपलंच शोधून काढते, दुसऱ्याच्याला सडाला लागू देत नाही. माझा पाच वर्षांचा लेक त्या गर्दीत उभा राहून "हिचं हे, हिचं ते" सांगत होता. दोनच दिवसांत त्याला निम्मी ओळखू यायला लागली होती. रात्री तो घोंगडीत त्या बारक्या कोकराला घेऊनच झोपला. आई काही बोलली नाही. मी लहान असताना तिने मलाही बोललेलं नव्हतं.

ही कोकरं म्हणजे आमचं वर्षाचं पीक. मेंढरं खतासाठी रानात बसवली की शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, त्यावर रोजचं भागतं. पण लग्न, दवाखाना, पोरांची वह्या-पुस्तकं हे सगळं कोकरं विकून होतं.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमची अकरा कोकरं तीन दिवसांत गेली. आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन जनावर दगावतं तो रोग. हा रोग रोडक्या कोकराला धरत नाही, चांगलं धष्टपुष्ट, भरपूर पिणारं तेच आधी जातं. त्या आठवड्यात मेंढरं हरभरा काढलेल्या रानात होती. खाली पडलेले दाणे आणि पाला भरपूर होता, खाणं एकदम बदललं. संध्याकाळी उड्या मारणारं कोकरू पहाटे पाय झाडत पडलेलं. आबांनी एकेक उचलून बांधाकडेला खड्ड्यात ठेवलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

याला लस आहे. मेंढी विण्याच्या महिनाभर आधी टोचली तर चिकातून कोकराला पहिले दिवस संरक्षण मिळतं. भावाला हे माहीत होतं, तो त्या माघातच मुक्कामाजवळच्या एका सरकारी दवाखान्यात गेला होता. उत्तर मिळालं, लस इथल्या गावांच्या जनावरांपुरती आली आहे, तुम्ही तुमच्या तालुक्यात टोचून घ्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना बाटल्या मोजून येतात, आणि त्या यादीत आमच्या मेंढ्या नाहीत. पण आमच्या तालुक्यातल्या यादीत त्या असतात तेव्हा मेंढ्या मुळशीत असतात. दीडशे गाभण मेंढ्या टोचायला घेऊन बारामतीला कोण जाणार? आणि लस बर्फात ठेवावी लागते, तिकडून विकत आणून चार दिवस पालात ठेवता येत नाही.

1962 वर फोन केला की फिरता दवाखाना येतो, ही सोय चांगली आहे आणि भावाने ती वापरलीही आहे. पण आंत्रविषारात गाडी येईपर्यंत कोकरू गेलेलं असतं. इथे आधी टोचणं हाच इलाज आहे.

2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे 27 लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या किती वर्षातले सहा-सात महिने गावाबाहेर असतात, हे आमच्यासारख्यांना विचारा. आता जनावरांच्या कानात 12 अंकी नंबरचा बिल्ला मारतात. तो नंबर जनावराचा आहे, गावाचा नाही. मग त्या नंबरावर जिथे मेंढी उभी आहे तिथेच लस द्यायला काय अडचण असावी? वाडे दर वर्षी ठरलेल्या वाटांनी जातात, कुठल्या पंधरवड्यात कुठे असतील ते कुणीही जाणता मेंढपाळ सांगेल. मुळशी, मावळ, भोर या तालुक्यांना पौष-माघात वाड्यांसाठी वेगळी लस द्यावी आणि ती मुक्कामावर येऊन टोचावी, एवढंच मागणं आहे. मेंढी व शेळी विकास महामंडळाचं कार्यालय इथेच, गोखलेनगरच्या मेंढी फार्मात आहे. महामंडळाने आणि पशुसंवर्धन विभागाने एकत्र बसून मार्गांची यादी केली, तर पुढच्या विणीच्या आत हे होऊ शकतं. 'महामेष' योजनेत सरकार 20 मेंढ्या आणि 1 नर घ्यायला अनुदान देतं. दिलेल्या मेंढ्यांची कोकरं जगावीत, हेही त्यातच आलं.

पुण्यातल्या वाहनचालकांनाही एक सांगायचं आहे. वाडा महामार्ग ओलांडतो तो पहाटे तीन-चारला, तुमची अडचण नको म्हणून. पुढच्या घोड्यावर डालग्यात आठ-दहा दिवसांची कोकरं असतात, आणि त्यांच्या आया मागच्या मेंढरांत. हॉर्न वाजला की त्या बिथरून कोकरांच्या आवाजाकडे धावतात, गाडीकडे बघत नाहीत. दोन मिनिटं दिवे मंद करून थांबा.

वाडा पाडव्यापर्यंत पौडच्या आसपास आहे. कुणी अधिकारी बघायला येणार असतील, तर त्यानंतर तो कुठे असेल ते मी भावाला फोन करून कळवीन.

आपली,
एका मेंढपाळाची लेक
कात्रज, पुणे