मुलींच्या खुराकाकडे कोण बघणार?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात नववी-दहावीच्या मुलींना शिकवते. आमची शाळा सकाळी सव्वासातला भरते. पहिल्या तासाला कुणी ना कुणी पेंगत असतंच. पूर्वी मी रागवायचे. आता मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारते, "काल काय जेवलीस? कधी झोपलीस?"

गेल्या महिन्यात एकीनं सांगितलं ते असं. पहाटे साडेपाचला उठून ती एसटी धरते. निघताना चहा-बटर. डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, तीही अर्धी ठेवते, जाड होईन म्हणून. संध्याकाळी क्लासबाहेर वडा आणि परत चहा. रात्री दहाला जेवायला बसते तोवर भूक मेलेली असते. अंथरुणावर पडलं की, "बाई, पाय गप्पच राहत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात." साडेबारा असेच वाजतात.

पायांची ही चुळबुळ लोहाच्या कमतरतेनंही होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. पाळी सुरू झाली की लोह जास्त लागतं, आणि जेवणासोबतचा चहा आहे तेही अंगी लागू देत नाही. शिवाय संध्याकाळच्या चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. या वयात झोप मुळातच उशिरा येते, तो आळस नव्हे. गरज आठ ते दहा तासांची, या पोरीला मिळतात पाच. अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी पुन्हा गोड आणि तळलेलंच खावंसं वाटतं.

साहेब, खुराक म्हणजे काय हे कोल्हापूरला सांगायला नको. शाहू महाराजांनी इथं खासबाग मैदान उभारलं, मल्लांना आश्रय दिला. तालमीतला वस्ताद पोराच्या दूध-बदामावर नजर ठेवतो तशीच त्याच्या दुपारच्या झोपेवरही. झोपेशिवाय खुराक पचत नाही, हे तो जाणतो. त्याच गल्लीतल्या पोरीचं ताट आणि झोप बघणारं कुणी नाही. घरात दूधसुद्धा आधी भावाच्या पेल्यात जातं. लिहिताना जीव तुटतो, पण मी हे रोज ऐकते.

लोहाची निळी गोळी शाळेपर्यंत येते, ही मोठी गोष्ट आहे. पण नुसत्या चहावर घेतली की मळमळतं, मग पोरी ती मुठीत लपवून बाहेर टाकून देतात. शालेय पोषण आहार आठवीलाच संपतो. २०२४ मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायचं ठरवलं, ते लहानग्यांच्या झोपेसाठी. आमच्या मुली दोन्हीकडून सुटल्या.

शिक्षणमंत्र्यांशी बोलून नववी-दहावीलाही सकाळी पोटाला आधार द्या. नाचणीची आंबील, गूळ-शेंगदाणे, लिंबू पिळलेली मोडाची मटकी, काहीही चालेल. गोळी त्यानंतर. आणि आरोग्य तपासणीच्या कागदावर वजन-उंचीखाली एक ओळ वाढवा: झोप लागते का, रात्री पाय वळवळतात का?

त्या मुलीचं हिमोग्लोबिन आम्ही तपासून घेतलं. नऊ भरलं. औषध चालू आहे. वर्गातल्या बाकीच्या एकेचाळीस जणींचं अजून तपासायचं आहे.

आपली,
एक शिक्षिका, कोल्हापूर