गुरुआमा, तुमच्या वहीबद्दल आभार

आदरणीय गुरुआमा,

नेपाळमधल्या लमजुंगहून साताऱ्याला परतल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. तुम्हाला फोनवर मोडक्यातोडक्या नेपाळीत सांगेनच. मराठीत लिहितेय ते इथून तिकडे स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला निघालेल्या मुलामुलींनीही वाचावं म्हणून.

शाळेत आले त्या दिवशी तुम्ही माझ्या हातात एक वही ठेवलीत. आधीच्या प्रत्येक स्वयंसेवकाने कुठवर शिकवलं, कुणाला काय अडतं, सगळं तुमच्या अक्षरात. ‘वाचा, मग वर्गात या,’ एवढंच म्हणालात. एरवी बाहेरून आलेला माणूस हौसेने एबीसीडीपासून सुरू करतो आणि मुलं पुन्हा तेच रंग, तेच प्राणी घोकत बसतात. तुमच्या मुलांवर ती वेळ आली नाही, ती या वहीमुळे.

मी शिकवत असताना तुम्ही कधी वर्ग सोडून गेला नाहीत, याचे आभार तर कसे मानू! नेपाळीची लिपी आपलीच, त्यामुळे फळ्यावरचं मला वाचता यायचं, पण कळायचं जेमतेम निम्मं. त्यात पहिलीतली पोरं घरी गुरुंग बोलणारी. त्यांना नेपाळीसुद्धा शाळेतच भेटते. इंग्रजी त्यांची तिसरी भाषा, हे तुम्ही शेजारी उभ्या नसतात तर मला उमगायला फार वेळ लागला असता.

‘व्हिलेज’चं ‘भिलेज’ व्हायचं, तो तास मला अजून दिसतो. तुम्ही वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवलेत, मुलांना गळ्याला बोटं लावायला लावलीत. आवाज घुमला की ‘व्ही’, नुसता वारा आला की ‘एफ’. अख्खा वर्ग गळा धरून गुणगुणत होता! हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

आणि तुम्ही स्वतः इंग्रजी चौथीत शिकायला लागलात. नेपाळच्या सरकारी शाळांत ती पहिलीपासून आली 2003 मध्ये. जे लहानपणी आपल्याला मिळालं नाही, ते पहिलीच्या पोरांना शिकवायची जबाबदारी तुमच्या पिढीवर पडली. कतार-मलेशियात असलेल्या बापांच्या नोकरीचे कागद घेऊन बायका संध्याकाळी तुमच्याकडेच यायच्या, आणि तुम्ही चुलीपुढे बसून ते एकेक ओळ वाचून दाखवायचात. गावाला इंग्रजी कशासाठी हवी, ते मला तिथे कळलं.

आम्ही येतो आणि जातो. शाळा तुमच्यासारख्यांच्या जिवावर चालते, आणि आभाराचे फोटो मात्र आमचे निघतात. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तिहारनंतर, म्हणजे तिकडच्या दिवाळीनंतर, येणाऱ्या नव्या ताईला वहीतलं तिसरीचं पान आधी दाखवा. मागच्या बाकावरच्या दोघांना ‘व्ही’ अजून जमत नाही.

तुमची,
साताऱ्याची मिस