आप्पांच्या कानात मळ नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीची. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एकतीस वर्षं माग चालवले, साधे धोट्याचे माग (धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो), एका माणसाकडे सहा नाहीतर आठ आणि बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसपाळी की पुढचा आठवडा रातपाळी. आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला हे शाळेत आम्हाला अभिमानाने शिकवायचे आणि अभिमान आहेच, आमचं घर त्यावरच उभं राहिलं. पण या शंभर-सव्वाशे वर्षांत मागाशेजारी उभं राहणाऱ्या माणसाच्या कानाचं आणि छातीचं काय होतं ते कुणी शेडमधे येऊन तपासलंय असं मी तरी माझ्या आयुष्यात बघितलं नाही, म्हणून हे पत्र.

आप्पांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. फोनवर माझी मुलगी बोलायला लागली की म्हणायचे, "आवाज येतोय गं, पण शब्द कळंना." आम्हाला वाटायचं लक्ष नाही त्यांचं. एका डॉक्टरांनी कानात मळ आहे म्हणून ड्रॉप दिले, दुसऱ्यांनी वयाने होतं म्हणून सांगितलं. शेवटी जिथे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली तिथल्या मशीनवरच्या मुलीने ग्राफ बघितला आणि विचारलं, "काका, तुम्ही काम काय करता?" तोपर्यंत एवढ्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो पण हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की पेशंटला बाकी सगळं विचारताना त्याचा धंदा काय तेही विचारा. आमच्या गावात तर हा पहिला प्रश्न पाहिजे.

तिने तो ग्राफ मला समजावून सांगितला. रेष सरळ येत होती आणि ४००० हर्ट्झच्या जवळ एकदम खड्ड्यात उतरत होती. मोठ्या आवाजाने कान जातो तो बहुतेक तिथून जायला लागतो. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या सतत मार खाऊन मरतात आणि एकदा मेल्या की परत येत नाहीत, ना ड्रॉपने ना ऑपरेशनने. पहिल्यांदा बारीक, उंच आवाज जातात, म्हणजे स, श, फ असली अक्षरं, म्हणून माणसाला बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाही. दुखत काहीच नाही, त्यामुळे माणूस दवाखान्यात जातो तोपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

मागच्या महिन्यात मी भाच्याला घेऊन ओळखीच्या एका शेडमधे गेले, मालकांना विचारूनच गेले. तिथे बोलणं नाहीच, सगळं हातवारे आणि ओठांवर. धोट्यातली सुताची कांडी संपली की एक खूण, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवायचं तर दुसरी. भाच्याच्या मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप आहे, त्यातला आकडा ९७ ते १०१ डेसिबलच्या मधे नाचत होता. मोबाईलचं माप म्हणजे पक्कं माप नव्हे हे मला माहितीय, उलट म्हणूनच म्हणते की पक्कं माप घेऊन कुणीतरी या. कारण नियम असा आहे की ९० डेसिबलला आठ तास चालतात, ९५ ला चार तास आणि १०० ला फक्त दोन तास. आमच्या इथे पाळी बारा तासांची आहे!

बाहेर आल्यावर अर्धा तास माझ्या कानात शिट्टी वाजत होती. आप्पांच्या कानात ती रात्रंदिवस वाजते, झोपताना जास्त.

कायदा नाही असंही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच तरतूद होती की कामामुळे होणारे ठरावीक आजार डॉक्टरला दिसले तर त्याने कारखाने निरीक्षकांना कळवायचं, आवाजाने आलेला बहिरेपणा त्या यादीत होता आणि कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार, बिसिनोसिस, पण होता. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मधे कायदा आणखी कडक केला, तेव्हा कामगाराला स्वतःच्या आरोग्याच्या धोक्याची माहिती मागायचा हक्क मिळाला. कामगारांच्या सुरक्षेच्या २०२० च्या नव्या संहितेतही आजारांची यादी आहे. पण या संहितेत वीज वापरणारा कारखाना म्हणजे वीस कामगार, आणि आमच्याकडची शेड म्हणजे पाच-सात माणसं, एकाच पत्र्याखाली दोन भाऊ दोन नावांनी माग लावतात. म्हणजे गावात लाखभर माग आणि त्यातले किती कायद्याच्या नजरेत येतात? आप्पांचं नाव तर कुठल्या हजेरीपटावर पण नव्हतं, मग ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कुठून आणि भरपाई कुठून.

मी मालकांच्या विरोधात लिहीत नाहीये हे कृपया लक्षात घ्या. खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर, कापड विणणारे बरेच मालक स्वतः त्याच शेडमधे उभे असतात, त्यांचेही कान तेच ऐकतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आणि कामगारही इअरप्लग घालत नाहीत, त्यालाही कारण आहे, आप्पा सांगायचे की धोटा नीट चालतोय का, माग बिघडायला लागलाय का हे आवाजावरूनच कळतं, कान बंद केले तर कापड खराब होईल आणि पैसे कापले जातील. ही भीती खरी आहे. पण मागाच्या आवाजात प्लगने पंधरा-वीस डेसिबल कमी झाले तरी माग ऐकू येतोच, सगळंच थोडं खाली येतं एवढंच. हे शेडमधे जाऊन, कामगाराच्या शेजारी उभं राहून, त्याला घालायला देऊन सांगावं लागतं. पोस्टर लावून होत नाही.

अमेरिकेत निऑश म्हणून सरकारी संस्था आहे, १९७० च्या कायद्याने झालेली. तिथे एखाद्या कामाच्या जागी तीन कामगारांनी सह्या करून कळवलं की इथे काहीतरी त्रास होतोय तर तपासणीची मागणी करता येते, पैसे द्यावे लागत नाहीत आणि सह्या करणाऱ्यांची नावं मालकाला सांगू नका म्हटलं तर सांगत नाहीत. २००० साली मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा विचित्र आजार झाला होता, निऑशची माणसं तपासायला गेली तेव्हा कळलं की लोण्याच्या वासासाठी जे केमिकल घालायचे, डायअसेटिल, त्याची वाफ फुप्फुसाच्या बारीक नळ्या बंद करत होती. लोण्याच्या वासाने कुणी मरेल असं कुणाला वाटलं असतं? मापं घेतली, माणसांना विचारलं, श्वासाची टेस्ट केली म्हणून कळलं. आणि आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही, मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा केईएमच्या डॉक्टरांनी गिरणी कामगारांच्या छातीचा अभ्यास केलेला आहे.

म्हणून माझी विनंती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला आहे. शेड कायद्यात बसते की नाही हा वाद बाजूला ठेवून निदान पन्नास शेड निवडा. कामगाराच्या कॉलरला आवाज मोजायचं छोटं यंत्र लावून पूर्ण पाळी मोजा, रातपाळी पण मोजा. ऑडिओमेट्री करा, पण पाळी संपल्या संपल्या नको, तेव्हा कान थकलेला असतो, सुट्टीनंतर कामावर जायच्या आधी करा. कामावर नवीन लागणाऱ्या पोरांची पहिल्याच दिवशी करा, नाहीतर वीस वर्षांनी कुणी म्हणेल हा आधीपासूनच बहिरा होता. आणि निघालेले आकडे ऑफिसच्या फाईलमधे न ठेवता शेडच्या दारावर मराठीत लावा. एसटीच्या वर्कशॉपमधे पत्रा ठोकणारे आहेत, महापालिकेच्या पंपहाऊसवर रात्रभर बसणारे आहेत, त्यांचेही कान तपासा, ते तर सरकारच्याच जागेत काम करतात.

हे पत्र काल रात्री आप्पांना वाचून दाखवलं. समोर बसून, तोंडाकडे बघू देत, हळूहळू. ते ओठ वाचतात, शेडमधे शिकलेली विद्या घरात कामाला येते. सगळं झाल्यावर म्हणाले, "आणि कांडी भरणाऱ्या बायकांचं काय लिहिलंस?" ते माझ्याकडून राहिलं होतं. त्या मशीनसमोर बसून असतात आणि सुताची धूळ सगळी तोंडासमोर, केसांवर पांढरं बसलेलं दिसतं म्हणजे छातीत किती गेलं असेल. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आल्यावर छाती आवळल्यासारखी होते का, हे त्यांना विचारा, बिसिनोसिसची सुरुवात तशीच होते. त्या दिवशी पाळीच्या आधी आणि नंतर त्यांची श्वासाची टेस्ट पण करा.

एका यंत्रमाग कामगाराची मुलगी,
इचलकरंजी