धार जोरात, तरी इंजिन गरम: काकांना आभारपत्र

आदरणीय काकांना,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानू लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून कळवतोय. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय. तुम्ही जे समजावलंत ते जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) सांभाळणाऱ्या कुणाच्याही कामी येईल.

आमचं इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. सावकाश चालवलं तर काही त्रास नाही. थ्रॉटल उघडून जरा लांब गेलं की ते जड व्हायचं, दम तुटल्यासारखं चालायचं, आणि हेडवर (सिलिंडरच्या झाकणावर) पाणी शिंपडलं तर चर्र करून उडून जायचं. पण इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागच्या भोकातून येणारी धार अगदी सणसणीत. आधीच्या मालकाने इम्पेलरही (पंपातलं पाणी उचलणारं रबरी पाकळ्यांचं चक्र) नवा घातलेला. त्यामुळे जो बघायला यायचा तो धार बघून म्हणायचा, कूलिंग उत्तम आहे, कार्बोरेटर साफ करा. एकाने तर इंजिन भंगारात घाला म्हणून सांगितलं.

तुम्ही मात्र त्या धारेला भुलला नाहीत. धार येते म्हणजे पंप पाणी उचलतो, एवढंच. बऱ्याच इंजिनांत ते पाणी सिलिंडरभोवती फिरण्याआधीच बाजूला काढलेलं असतं, त्यामुळे पुढची वाट तुंबली तरी धार झकास दिसते. उलट धार बारीक झाली तर आधी त्या भोकात तार घालून बघावी. कित्येकदा तिथेच वाळू किंवा मीठ अडकलेलं असतं आणि इंजिनाला काहीच झालेलं नसतं. ही गोष्ट मला इतकी वर्षं कुणी सांगितली नव्हती.

मग तुम्ही पाण्याची सगळी वाट माझ्याकडून वदवून घेतलीत. खालच्या जाळीतून आत, गिअरच्या डब्यावर बसलेला पंप, तिथून तांब्याची नळी, मग ब्लॉक, हेड, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) आणि एक्झॉस्टबरोबर बाहेर. या वाटेवर कुठे काय बिघडलं तर कसं दिसेल, ते तुम्ही एकेक करून सांगितलंत. इम्पेलरच्या पाकळ्या शाबूत दिसल्या तरी बरेच महिने एकाच स्थितीत राहून त्या एका अंगाला वाकून बसतात, आणि मग कमी वेगात पाणी उचलत नाहीत. नळीच्या तोंडाशी असलेलं रबर कडक झालं की पाणी वर पोचायच्या आत गळून जातं. थर्मोस्टॅटची परीक्षा तर घरच्या घरी होते: भांड्यात गरम पाणी, त्यात थर्मोमीटर, आणि त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडतो का ते बघायचं. आमचा ६० अंशांचा होता आणि चोख उघडत होता.

मग तुम्ही विचारलंत, "दोन्ही सिलिंडर सारखेच तापतात का?" इन्फ्रारेड थर्मामीटरने बघितलं तर खालचा ठीक होता आणि वरचा कितीतरी जास्त तापलेला. पंप कमी पडत असता तर बहुधा दोघांनाही झळ लागली असती. तुमचा पुढचा प्रश्न तर मी आयुष्यभर विसरणार नाही: "जुना इम्पेलर काढला तेव्हा त्याच्या पाकळ्या कुणी मोजल्या होत्या का?"

त्या कुणीच मोजल्या नव्हत्या. तुटलेल्या पाकळ्यांचे तुकडे पाण्याबरोबर वर गेले होते आणि नवा इम्पेलर बसवूनही तिथेच राहिले होते. हेड उघडलं तेव्हा वरच्या सिलिंडरच्या जॅकेटमध्ये (त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) रबराचा तुकडा आणि त्याभोवती साचलेला पांढरा क्षार सापडला.

हेड उघडायचं काम सोपं नव्हतं. ॲल्युमिनियममध्ये खाऱ्या पाण्याने धरलेले बोल्ट ताकदीने पिळले की मान तुटते, हे तुम्ही आधीच बजावलंत. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, मग जरा ऊब द्या, थोडं घट्ट करा, थोडं सैल करा, पुन्हा तेच. दुपारी मी उतावीळ झालो की तुम्ही फोनवरच ओळखायचात आणि "आता पाना खाली ठेव" म्हणायचात. एकही बोल्ट तुटला नाही. जॅकेटमधला क्षार व्हिनेगरने सुटला, गॅस्केट नवं घातलं, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने) आवळले. गिअरचा डबा उतरवलेलाच होता, म्हणून नळीचं रबरही बदललं, आणि इम्पेलर बसवताना पंपाला साबणाचं पाणी लावून शाफ्ट नेहमीच्या दिशेने फिरवला, जेणेकरून पाकळ्या योग्य बाजूला वळाव्यात.

आता पूर्ण थ्रॉटलवरही दोन्ही सिलिंडरचं तापमान जवळजवळ सारखं राहतं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोडं पाणी फिरवतो, आणि पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही सुरू करत नाही, कारण कोरडा इम्पेलर किती पटकन जळतो हे तुम्ही सांगितलंय.

काका, तुम्ही एका पैशाची अपेक्षा न ठेवता, मी कोण आहे हेही न विचारता इतका वेळ दिलात. इंजिन भंगारात जाता जाता वाचलं ते तुमच्यामुळे. पुढच्या हंगामाआधी पंप पुन्हा उघडणार आहे. त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे या, होडीतून फेरी मारू आणि सुकाणू तुमच्या हाती देऊ.

आपला कृतज्ञ,
जुन्या दोन सिलिंडरवाला